हार घातलेलं इंजिन

ही हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नाही. सांगण्याचे प्रसंग आले नाहीत असं नाही. आले, आणि दर वेळी मी काहीतरी दुसरंच बोललो. पत्नी होती तोवर तिलाही सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. त्यांच्यातला एक, आता स्वतःच म्हातारा झालेला, भाषणात म्हणाला, "रत्नागिरीत तेलाचं इंजिन कोणी धड पाहिलं नव्हतं, तेव्हा सरांनी इंजिनिअरिंगच्या मुलांना ते हाताने चालवायला लावलं. पुढचा काळ सरांना आधी दिसला." टाळ्या झाल्या. मी हात जोडले आणि मला दरदरून घाम फुटला. शेजारच्याने पंखा माझ्याकडे वळवला. त्याला वाटलं, उकाडा.

पुढचा काळ मला दिसला नव्हता. ज्याला दिसला त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याला विचारायची सोय मी ठेवलेली नाही.

सन तीसच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याला इंजिनिअरिंग शिकून, पदवी घेऊन रत्नागिरीला परतलो होतो आणि एका तांत्रिक शाळेच्या कारखान्यावर मास्तर होतो. गावाबाहेर कातळावर जांभ्याच्या भिंतींची, कौलारू अशी ती लांबट इमारत. आत भाते, लेथ, आणि मधोमध वाफेचं इंजिन. विद्यापीठाचा नियम होता की इंजिनिअरिंगच्या मुलांनी शेवटच्या परीक्षेआधी एक उन्हाळा कारखान्यात काम करायचं, जर्नल लिहायचं आणि तिथल्या मास्तराचा दाखला आणायचा. दाखला नाही तर परीक्षेला बसता येत नसे. आपल्या भागातली दोन-चार मुलं दरवर्षी सुट्टीत माझ्याकडे येत आणि पावसाने बंदर बंद व्हायच्या आत दाखला घेऊन जात.

एका वर्षी आमच्याकडे तेलाचं इंजिन आलं. बोटीतून पडाव नावाच्या होडीत, पडावातून फळ्यांवरून किनाऱ्यावर, तिथून बैलगाडीने वर कातळावर. अख्खा दिवस गेला. ते लावून द्यायला मुंबईहून एक मेकॅनिक आला होता. चार इयत्ता शिकलेला, विडी ओढणारा, हसतमुख माणूस. त्याने इंजिनाच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा दिव्याच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवला, मोठ्या चाकाला उलटा झटका दिला, आणि धब्‌ धब्‌ करत इंजिन सुरू झालं. त्याने हे दोनदा दाखवलं. मग मला म्हणाला, "साहेब, आता तुम्ही करा."

सगळा कारखाना भोवती उभा होता. आमचे वयस्कर मेस्त्री होते, लोहार होते, सुतार होते. मी म्हणालो, "माझ्या लक्षात आलंय."

लक्षात काही आलं नव्हतं. पुण्याला तेलाच्या इंजिनावर एक धडा होता, तो पाठ करून मी उत्तीर्ण झालो होतो. पण या सगळ्यांसमोर विडी ओढणाऱ्या माणसाला मी काय विचारणार? तो दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेला. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना, मी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी चाक उलटं फिरलं आणि मनगटाला असा हिसका बसला की पंधरा दिवस हात गळ्यात होता. जिन्यावरून पडलो असं मी सगळ्यांना सांगितलं. इंजिनावर ताडपत्री घातली आणि म्हणालो, "पावसाळ्यानंतर बघू."

पावसाळ्यानंतर खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, कोणी काम करत नाही. ताडपत्री काढली, इंजिन पुसलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, अक्षता टाकल्या. नारळ मेस्त्रींनी फोडला, त्याचं पाणी मी स्वतः इंजिनावर शिंपडलं. धुराची नळी ताडपत्री घालताना काढली ती आम्ही पुन्हा कधी जोडलीच नव्हती, त्यामुळे तिथलं तोंड उघडंच होतं. पूजा झाली, ताडपत्री पुन्हा घातली. असं चार वर्षं चाललं.

आणि जर्नलमध्ये मात्र 'प्रयोग सातवा, तेलाचे इंजिन' दरवर्षी होत होता. इंजिनासोबत एक छापील पुस्तिका आली होती. तिच्यातले फेऱ्यांचे आणि तेलाच्या खपाचे आकडे मी फळ्यावर लिहीत असे, थोडे इकडेतिकडे करून, म्हणजे प्रत्यक्ष घेतल्यासारखे दिसावेत. मुलं उतरवून घेत. मी सही करत असे. कोणी काही विचारलं नाही. त्यांना दाखला हवा होता, मला शांतता हवी होती.

पाचव्या उन्हाळ्यात तो आला. मालगुंडच्या बाजूच्या एका गावच्या तांडेलाचा मुलगा. बाप मालवाहू मचव्यावरचा मुख्य माणूस, उभं आयुष्य शिडावर गेलेला. त्या घरातून इंग्रजी शाळेत गेलेला हा पहिलाच, कॉलेजात तर पंचक्रोशीत पहिला. बाप स्वतः त्याला पोचवायला आला होता. डोक्यावर लाल टोपी, उन्हाने रापलेला चेहरा.

"मास्तर," तो म्हणाला, "शिडाचा काय खरा नाय आता. खाडीत लाँची यायला लागल्यात. वारा नसला तरी जातत्या. माज्या पोराला त्या भुताचा मंतर शिकवा. मी शिडावर मेलो तरी चालंल, त्यो नको."

"बाबा, भूत नाही ते, इंजिन आहे," मुलगा लाजून म्हणाला.

"तुज्यासाठी इंजिन. माजं पोट खाणार तर माज्यासाठी भूतच."

मेस्त्री हसले. मीही हसलो.

मुलगा अबोल होता, पण हाताला विलक्षण. वाफेच्या इंजिनावरचे सहा प्रयोग त्याने आठवड्यात उरकले. मग सातव्यासाठी माझ्यापुढे उभा राहिला. मी फळ्याकडे बोट दाखवलं.

"सर, इंजिन कधी चालवायचं?"

"आकडे दिलेत ना? उतरून घे."

त्याने वाद घातला नाही. दोन दिवसांनी जर्नल सहीला आलं. पहिले सहा प्रयोग सुबक अक्षरात. सातव्याच्या पानावर वर मथळा आणि खाली दोनच वाक्यं: 'इंजिन चालू केले नाही. त्यामुळे आकडे घेता आले नाहीत.'

ते पान वाचल्यावर मला काय झालं हे आजही नीट सांगता येत नाही. कोणी भर वर्गात माझं धोतर ओढलं असतं तरी इतका हादरलो नसतो. चार वर्षं जे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, ते कोणीतरी शाईने लिहिलं होतं.

"हे पान फाड," मी म्हणालो.

"सर, एकदा चालवून दाखवा. लगेच आकडे लिहितो."

"तुझ्या आधीची मुलं मूर्ख होती का?"

"नाही सर. त्यांतला एक माझ्या ओळखीचा आहे. तुमचा दाखला घेऊन भाताच्या गिरणीवर गेला. मालक म्हणाला, चालू करून दाखव. त्याला फेऱ्या पाठ होत्या, तेल किती लागतं ते पाठ होतं. इंजिन सुरू होईना. शेवटी तिथल्या अंगठेबहाद्दराने सुरू केलं आणि सगळी गिरणी हसली. तो आता घरीच असतो. सर, वाफेवर आता जागा निघत नाहीत. वरच्या वर्गातले निम्मे घरी बसलेत. मला हे यायलाच हवं."

मी जर्नल त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणालो, "पान बदललंस की सही मिळेल."

बाहेर मेस्त्री त्याला सांगत होते ते मला ऐकू आलं. "अरे बाबा, त्यो देव हाय. देवाला नमस्कार करायचा, झटका द्यायचा नाय."

"मेस्त्री, तुम्ही कधी चालवून बघितलंत?"

"मी? मास्तरांच्या आधी? मला काय जीव नको झालाय?"

त्यानंतर चार दिवसांनी मी दुपारी जेवायला घरी गेलो होतो. परत आलो तर ताडपत्री भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि इंजिन उघडलेलं. जमिनीवर एक जुनं धोतर पसरून त्यावर एकेक भाग ओळीने मांडला होता, प्रत्येकापाशी खडूने आकडा. मुलगा गुडघ्यांवर बसला होता. मेस्त्री त्याच्यामागे दिवा धरून उभे होते. मला पाहून त्यांनी दिवा खाली घेतला.

मुलाने वर पाहिलं. तो हसला असता, उद्धट बोलला असता, तर बरं झालं असतं.

"सर," तो हळूच म्हणाला, "आत झेंडू आहे."

मी वाकून पाहिलं. काळ्या पडलेल्या पाकळ्या, तांदळाचे दाणे, कुंकवाचा लगदा, आणि त्याखाली तांबडा गंज. खारी हवा, चार पावसाळ्यांची गळती आणि माझ्या हातचं नारळाचं पाणी. दट्ट्या आत असा धरला होता की जणू ओतीव लोखंडाचा एकच तुकडा. जे मी नुसतं झाकून ठेवलं आहे असं समजत होतो, ते मी मारून ठेवलं होतं.

"चाक हलत नव्हतं म्हणून उघडलं," तो म्हणाला. "रॉकेलमध्ये भिजवत ठेवलं तर सुटेल. दोन आठवडे द्या सर. चालू करून देतो."

मी खुर्चीवर जाऊन बसलो. त्या संध्याकाळी त्याने दट्ट्याच्या भोवती रॉकेल ओतलं आणि घरी गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचे प्राध्यापक आले. दर उन्हाळ्यात एकदा तपासणीला येत, पण त्या वर्षी कळवलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधीच आंबा घाटातून मोटारीने उतरले. अंगावरची धूळ झटकत आत आले आणि थेट त्या पसरलेल्या धोतरापाशी थांबले.

"हे कोणी केलं?"

"याने," मी म्हणालो. "मला न विचारता."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"त्याआधी इंजिन चालत होतं?"

मला वाटतं, तेवढ्यात एक बोट येऊन गेली असती इतका वेळ गेला. प्रत्यक्षात मी लगेचच बोललो असणार.

"चालत होतं," मी म्हणालो. आणि कपाटातून चार वर्षांची जर्नलं काढून त्यांच्यापुढे ठेवली. प्रत्येकात प्रयोग सातवा. प्रत्येकाखाली माझी सही.

प्राध्यापकांनी पानं चाळली. मग मुलाकडे वळले. "तुला काही सांगायचंय?"

मेस्त्री जमिनीकडे बघत होते. मुलगा माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. विद्यार्थी फळ्याकडे बघतो तसा, आता काय लिहिलं जाईल याची वाट पाहत.

"सर," तो मला म्हणाला, "तुम्हीच सांगा त्यांना."

"मी सांगितलंय," मी म्हणालो.

हे दोन शब्द माझ्या तोंडून आले. मी ते ऐकले, आणि बोलणारा कोण आहे हे पाहायला मान वळवावी असं मला वाटलं.

दुपारी प्राध्यापकांनी सांगितल्याप्रमाणे मी अहवाल लिहिला. 'विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे इंजिन निकामी झाले. दाखला देता येत नाही.' अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं.

आठ दिवसांनी तांडेल आला. मुलाला न सांगता आला होता. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना.

"मास्तर, पोरानं काय मोडलं आसंल तर त्यो जोडून दील. हितंच ऱ्हाईल, झाडू मारील, भाता वढील. पर त्याचा कागूद आडवू नका. परीक्षेला बसू द्या त्याला."

"आता माझ्या हातात काही नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. उजव्या हातात दौतीत बुडवलेला टाक होता.

"तुमच्यावर भरवसा ठेवून पोचवला व्हता," तो म्हणाला, आणि उतरून गेला. मुलगा परीक्षेला बसला नाही. पुढच्या वर्षीही बसला नाही.

इथे हकीकत संपली असती तर कदाचित मी ती कधीतरी सांगितलीही असती. खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे.

तांडेल येऊन गेल्यावर दोन आठवड्यांनी मी कारखान्याच्या फाटकाशी पोचलो आणि आतून आवाज आला. धब्‌. धब्‌ धब्‌. मी धावत आत गेलो. इंजिन चालू होतं. मोठं चाक फिरत होतं, कौलं थरथरत होती, सुतार, लोहार सगळे भोवती गोळा झाले होते आणि मेस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराने की कशाने कोण जाणे.

"पोरगा समदं पाटीवर लिवून गेला व्हता," मेस्त्री म्हणाले. "कुठला भाग कधी जोडायचा, गोळा किती तापवायचा, चाकाला झटका कुठनं द्यायचा. मी निस्तं तसं क्येलं. मास्तर, आता कॉलेजच्या सायबांना पत्र धाडा. पोराचं साल वाचंल."

मी कागद घेतला. लिहिलं: 'इंजिन दुरुस्त करण्यात आले आहे.' कोणी दुरुस्त केलं ते लिहिलं नाही. ते लिहायचं तर आधी ते कोणी बिघडवलं तेही लिहावं लागलं असतं, आणि चार वर्षांच्या सह्या, आणि गिरणीतून हसं होऊन परतलेला तो मुलगा. पत्र टपालात पडलं. मेस्त्रींनी पुढे विचारलं, "धाडलंत?" मी म्हणालो, "धाडलं." तेही खरंच होतं.

मेस्त्रींनी मग मला इंजिन चालवायला शिकवलं. त्या पाटीवरून. पुढच्या उन्हाळ्यापासून मी प्रत्येक मुलाला ते उघडायला लावलं, जोडायला लावलं, चालवायला लावलं. आकडे फळ्यावर लिहिणं बंद केलं. जे दिसेल ते लिहा, नाही चाललं तर नाही चाललं असं लिहा, असं सांगू लागलो. मुलांना जागा मिळू लागल्या, गिरण्यांवर, लाँचींवर, मोटारींच्या कारखान्यांत. माझं नाव होत गेलं. सत्कारात ज्याच्या टाळ्या वाजल्या, ती माझी शिकवण्याची पद्धत म्हणजे त्या मुलाने लिहिलेली पाटी आणि जर्नलमधली दोन वाक्यं.

तीन-चार वर्षांनी मला कामासाठी मुंबईला जायचं होतं. बोट लांब उभी राहत असे आणि उतारूंना किनाऱ्यावरून पडावात बसवून तिथवर नेत असत. त्या वर्षी पडावाच्या पुढे ओढायला एक नवी मोटार लाँच आली होती. पडाव भरला होता म्हणून मला लाँचीतच जागा दिली. बसलो आणि समोर इंजिनापाशी तो.

अंगात तेलकट बंडी, हातात सुताचा बोळा. त्याने मला आधी ओळखलं.

"इथं नको सर, तेल उडतं. इकडे सरका." त्याने पोतं झटकून पसरलं. मग एका झटक्यात इंजिन सुरू केलं. मी नकळत चाकाकडेच बघत होतो.

"याला गोळा तापवावा लागत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "नवीन धर्तीचं आहे. अजून दहा वर्षांनी हेही जुनं होईल. शिकत राहायला लागतं."

"वडील?" मी विचारलं.

"गेले. मचव्यावरच." तो इंजिनाकडे वाकला. "आपलं कसं आहे? चालतं अजून?"

आपलं. तो आपलं म्हणाला.

"चालतं," मी म्हणालो.

"बरं झालं. त्या धुराच्या नळीचं तोंड झाकून ठेवायला सांगा मेस्त्रींना. पूजेच्या दिवशी तरी."

तो हसला. त्याच्या हसण्यात काही लपवलेलं होतं का, हे मी त्या पाण्यावर, त्या आवाजात शोधत राहिलो. काही नव्हतं. मला वाटलं होतं, तो मला ओळख दाखवणार नाही, किंवा तोंडावर काहीतरी बोलेल. या दोन्हींची तयारी होती. पोतं झटकून देईल याची नव्हती.

बोटीच्या शिडीशी लाँच लागली. लाटेने वर-खाली होत होती. त्याने माझा हात धरला, शिडीवर पाय ठेवताना तोल जाऊ नये म्हणून. हात घट्ट आणि गरम होता. मी तो सोडला नाही. म्हणालो, "अरे, मी त्या वेळी…"

"सांभाळून सर. आता लाट येईल. आता, चढा."

"ओ मास्तर, हात नंतर मिळवा, मागं आमी हाव!" मागचा कोणीतरी ओरडला. लोक हसले. मी चढलो. वर जाऊन कठड्यापाशी आलो तोवर लाँच वळली होती आणि तो बोळ्याने चाक पुसत होता.

परत आलो तेव्हा लाँचीवर दुसरा माणूस होता. तांडेलाचा मुलगा मोठ्या बोटींवर इंजिनखात्यात लागला, परदेशी गेला, एवढं कळलं. मग लढाई सुरू झाली. पुढे काही कळलं नाही. मी त्याच्या गावी जाऊन विचारू शकलो असतो. गेलो नाही.

शिडीवर जे वाक्य अर्धं राहिलं ते मी नंतर पुष्कळदा पुरं केलं आहे, एकट्याने, मोठ्याने. ते असं: इंजिन तू बिघडवलं नाहीस. ते मी बिघडवलं, आणि तू दुरुस्त केलंस. प्राध्यापकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, तुझ्या वडिलांना सांगितलं तेही खोटं होतं. तुझ्या जर्नलमधलं सातवं पान बरोबर होतं. त्यावर सही करायची राहिली. मला माफ कर.